उन्हाळी लागली, की जंतू लागले?

चैत्र-वैशाखात घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "काल दिवसभर उन्हात होते, उन्हाळी लागलीय." लघवीला सारखं जावंसं वाटतं, गेलं की चार थेंब होतात आणि त्या चार थेंबांनी डोळ्यांत पाणी येतं. मग धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, नारळपाणी. दोन दिवसांत बरं वाटलं तर उत्तम. नाही वाटलं तर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून "मागच्या वेळी दिली होती ती" गोळी. तीही लागू पडली नाही की डॉक्टर, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं लघवीचं कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी. त्या कल्चरच्या रिपोर्टावर हल्ली 'आर, आर, आर' अशी जी रांग दिसते, ती बघून भलेभले चक्रावतात. म्हणजे आता मला कुठलंच औषध चालणार नाही?

'उन्हाळी' हा शब्द जुना आणि चपखल आहे, पण त्यानं आपली थोडी फसगत केली. दुखणं उष्णतेचं ठरलं की उपाय थंडाव्याचा, आणि जंतू राहतात बाजूलाच. नंतर 'युरीन इन्फेक्शन' हा शब्द आला आणि त्यानं उलटी फसगत केली: जळजळ झाली रे झाली की अँटिबायोटिक. खरं तर दोन्ही शब्द अर्धे अर्धे बरोबर आहेत. कुठला अर्धा केव्हा लागू होतो, एवढं कळलं तरी बराच त्रास आणि बराच खर्च वाचतो.

जंतू येतात कुठून?

लघवीचा रस्ता सरळ आहे. वर दोन किडन्या, त्यांतून खाली येणाऱ्या दोन नळ्या, मग लघवीची पिशवी, आणि पिशवीतून बाहेर पडायची एक नळी. इन्फेक्शन बहुतेक वेळा या रस्त्यानं उलटं, म्हणजे खालून वर चढतं. साध्या इन्फेक्शनमध्ये चारातल्या निदान तीन वेळा जंतू एकच असतो, ई. कोलाय. तो काही कुठून परगावाहून येत नाही. तुमच्या-माझ्या आतड्यात तो कायम मुक्कामाला असतो आणि तिथे निमूट राहतो. गुदद्वारापासून लघवीच्या जागेपर्यंतचं थोडंसं अंतर त्यानं ओलांडलं की गडबड सुरू होते.

बाहेर पडायची ही नळी बायकांमध्ये साधारण ४ सेंटीमीटर असते, पुरुषांमध्ये २० सेंटीमीटरच्या आसपास. जंतूंना चढायला कुठला जिना सोपा, ते सांगायला नको. जगातल्या जवळपास निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो, तो या बांधणीमुळे. तरीही आपल्याकडे "स्वच्छता पाळत नसेल" असं सहज बोललं जातं. लग्नानंतर पहिल्या काही दिवसांत ज्या मुलींना हा त्रास होतो, त्या तर हे ऐकायला लागू नये म्हणून तोंडच उघडत नाहीत. शरीरसंबंधात जंतू नळीच्या तोंडाशी ढकलले जातात, इतकंच त्यात घडलेलं असतं.

पिशवीत पोचलेले जंतू लघवीबरोबर वाहून का जात नाहीत? गवतातून चालत आल्यावर साडीच्या काठाला कुसळं चिकटतात ना, तसं. ई. कोलायच्या अंगावर केसासारखे तंतू असतात आणि तंतूच्या टोकाला एक आकडा. पिशवीच्या आतल्या पेशींवर मॅनोज नावाची साखर असते, तिला हा आकडा बरोबर अडकतो. मग त्या जागेला सूज येते. सुजलेली पिशवी इतकी हळवी होते की चमचाभर लघवी साठली तरी "भरले, भरले" असा निरोप मेंदूला धाडते.

मग उन्हाळ्यात का वाढतं?

इथे आजीचा शब्द बरोबर ठरतो. घामावाटे पाणी गेलं की लघवी कमी आणि दाट होते. दाट लघवी नुसतीच जळजळते, जंतू असोत नसोत. दिवसभर उन्हात काम, लघवी गडद पिवळी, थोडी आग, आणि दोन तांबे पाणी पोटात गेल्यावर तासा-दोन तासांत सगळं शांत: ही खरी उन्हाळी. तिला औषध नको.

पण पाणी कमी पिण्याचा दुसराही परिणाम होतो. वाहता ओढा स्वतःला धूत राहतो, डबक्यात शेवाळ धरतं. लघवी कमी वेळा झाली तर कुसळांना चिकटून बसायला निवांत वेळ मिळतो. याची नीट परीक्षा बल्गेरियात झाली आणि निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना वारंवार इन्फेक्शन होत होतं आणि ज्या दिवसाला दीड लिटरहून कमी पेय घेत होत्या, अशा १४० स्त्रिया त्यात होत्या. निम्म्यांना रोज दीड लिटर जादा पाणी प्यायला सांगितलं. वर्षभरात नेहमीसारख्या राहिलेल्या गटात सरासरी ३.२ वेळा इन्फेक्शन झालं, जास्त पाणी पिणाऱ्यांत १.७ वेळा. एका बाटलीचं हे काम. मात्र जी बाई आधीच भरपूर पाणी पिते, तिनं आणखी ढोसून फार काही मिळवल्याचं यात दिसत नाही. आणि हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून दिलंय, त्यांनी हा प्रयोग करू नये.

"आमच्या आजीच्या काळात धने-जिऱ्यानंच बरं व्हायचं"

व्हायचं. आजी खोटं बोलत नव्हती. जर्मनीत ४९४ स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. सगळ्यांना साधं, फक्त पिशवीपुरतं इन्फेक्शन होतं. निम्म्यांना अँटिबायोटिक दिलं, निम्म्यांना आयब्युप्रोफेन, म्हणजे नुसती वेदनाशामक गोळी. दुसऱ्या गटातल्या साधारण दोनतृतीयांश बायका अँटिबायोटिकशिवाय बऱ्या झाल्या. शरीर स्वतःच जंतूंना हुसकावतं, हे त्यातून दिसलं. त्या काळात धने-जिऱ्याचं पाणी पोटात जात असेल तर काम पाण्याचं, नाव धन्याचं.

पण त्याच अभ्यासातली दुसरी बाजू आजीच्या गोष्टीत येत नाही. अँटिबायोटिक न घेतलेल्यांना त्रास जास्त दिवस सोसावा लागला, आणि इन्फेक्शन किडनीपर्यंत चढल्याची उदाहरणंही त्या गटात काही जास्त होती. म्हणून मला पटणारा मध्यममार्ग असा: बाई तरुण, एरवी तब्येतीनं ठणठणीत, गरोदर नाही, ताप नाही, तर डॉक्टरांना विचारून एक-दोन दिवस पाणी आणि वेदनाशामकावर काढायला हरकत नाही. त्यापुढे थांबणं हा हट्ट झाला.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या अल्कलायझर सिरपबद्दलही इथेच सांगतो. त्यानं लघवीची आंबटता आणि आग कमी होते, जंतू मरत नाहीत. शिवाय पुढे ज्याचं नाव येणार आहे ते नायट्रोफ्युरँटॉइन आंबट लघवीत जास्त चांगलं काम करतं. म्हणजे हातात ती गोळी आणि तोंडात हे सिरप ही जोडी एकमेकांचे पाय ओढते. दोन्ही चालू असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

कुणी अजिबात थांबायचं नाही

हुडहुडी भरून ताप, बरगड्यांच्या खाली पाठीत एका बाजूला दुखणं, उलट्या. ही लक्षणं जळजळीबरोबर आली तर इन्फेक्शन किडनीत पोचलेलं असू शकतं, आणि तिथून जंतू रक्तात उतरायला वेळ लागत नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

गरोदरपणात गर्भाशयाचा दाब पडतो आणि संप्रेरकांमुळे किडनीतून येणाऱ्या नळ्या सैल पडतात, त्यामुळे जंतूंची वरची वाट मोकळी होते. म्हणून सुरुवातीच्या तपासणीतच लघवी तपासतात, आणि काही त्रास नसतानाही जंतू सापडले तर औषध देतात. पुरुषांमध्ये प्रोस्टेटची भानगड आहे का, ते बघावं लागतं. लहान मुलं तर "जळजळ होते" असं सांगत नाहीत. नुसता ताप, चिडचिड, दूध नको. कारण सापडत नसलेला ताप असेल तर बालरोगतज्ज्ञ लघवी तपासायला सांगतात, ते उगाच नाही. मधुमेह, मुतखडा, एकच किडनी, नळी घातलेला रुग्ण यांनाही घरगुती वाट पाहण्याची सवलत नाही.

मागच्या वेळची गोळी या वेळी का चालत नाही?

शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. एकाच रानात दर वर्षी तेच तणनाशक मारलं की साधं तण मरतं आणि चिवट तण उरतं. चार वर्षांनी रान चिवट तणाचंच होतं. जंतूंचं तसंच. औषधाला दाद न देणं म्हणजे रेझिस्टन्स, रिपोर्टावरच्या 'आर'चा अर्थ तोच.

यातली खरी गोम मात्र सहसा कुणी सांगत नाही. हे 'रान' म्हणजे तुमची आतडी. गेल्या महिन्यात घसा धरला म्हणून, जुलाब झाले म्हणून, दाताला ठणका लागला म्हणून जे अँटिबायोटिक घेतलं, ते आतड्यातल्या ई. कोलायवरही फवारलं गेलं. चिवट तेवढे उरले. पुढे लघवीत जातील ते यांच्यातलेच. त्यामुळे "मी तर युरीन इन्फेक्शनसाठी पहिल्यांदाच गोळी घेतेय, मग आर कसा?" या प्रश्नाचं उत्तर कधी कधी घशाच्या जुन्या चिठ्ठीत सापडतं.

ही गोष्ट किती लांब जाऊ शकते? २००८ मध्ये स्वीडनमध्ये एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत क्लेबसिएला नावाचा जंतू सापडला. तो रुग्ण आधी दिल्लीत उपचार घेऊन गेला होता. शेवटचा पर्याय म्हणून राखून ठेवलेल्या कार्बापेनेम गटाची इंजेक्शनंही हा जंतू पचवत होता. ज्या जनुकामुळे त्याला हे साधलं, त्याला 'एनडीएम-१' नाव पडलं. त्यातले पहिले दोन शब्द 'न्यू दिल्ली'. नावावरून आपल्याकडे पुष्कळ आरडाओरडा झाला. जंतूवरून व्हायला हवा होता तेवढा झाला नाही.

पुढे १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' हा औषधविक्रीचा नियम लागू झाला. सेफिक्झिम या अँटिबायोटिकसह ४६ औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि विकली की दुकानदारानं वहीत नोंद ठेवायची. स्ट्रिपवर डाव्या बाजूला उभी लाल रेघ दिसते, तिचा अर्थही 'डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नको' हाच. रेघ सगळ्यांना दिसते. वाचते किती जण, ते कुठल्याही मेडिकलसमोर दहा मिनिटं उभं राहून बघा.

यातली बरी बातमी अशी की जुनी औषधं अजून कामाची आहेत. नायट्रोफ्युरँटॉइन १९५३ पासून वापरात आहे. ते जंतूवर एकाच ठिकाणी घाव घालत नाही, एकाच वेळी अनेक ठिकाणी घालतं, त्यामुळे त्याला चकवणं जंतूंना अवघड जातं. दुसरं फॉस्फोमायसिन, पाण्यात विरघळवून एकदाच घ्यायची ३ ग्रॅमची पुडी. पिशवीपुरत्या इन्फेक्शनसाठी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, मार्गदर्शक तत्त्वं या दोघांना पुढे ठेवतात. नायट्रोफ्युरँटॉइन साधारण पाच दिवस, जेवणाबरोबर. लघवी पिवळी-तपकिरी दिसली तर घाबरू नका. पण ते लघवीत साठतं, रक्तात फारसं राहत नाही, म्हणून किडनीतल्या इन्फेक्शनला त्याचा उपयोग नाही, आणि किडनी मंद झाली असेल तर ते देत नाहीत. शेजारणीची उरलेली स्ट्रिप का घेऊ नये, याचं एवढं एक कारण पुरे.

आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या ओफ्लॉक्सासिनच्या गटातल्या अँटिबायोटिकबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१६ मध्येच बजावलं होतं: दुसरा पर्याय असेल तर साध्या लघवीच्या इन्फेक्शनला ही औषधं देऊ नका, स्नायुबंध आणि नसांना इजा होऊ शकते. नवं म्हणावं तर तिथे मार्च २०२५ मध्ये गेपोटिडासिन या गोळीला परवानगी मिळाली. या दुखण्यासाठी पोटात घ्यायच्या अँटिबायोटिकचा नवा प्रकार यायला जवळपास तीस वर्षं लागली.

रिपोर्ट हातात आल्यावर

कल्चर म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढू द्यायचे आणि कुठल्या औषधानं ते मरतात ते पाहायचं. म्हणूनच त्याला दोन-तीन दिवस लागतात. नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्यायचा. जागा साध्या पाण्यानं धुऊन, सुरुवातीची धार सोडून मधली धार लॅबनं दिलेल्या डबीत घ्यायची. घरातली मधाची धुतलेली बाटली चालत नाही. तासा-दोन तासांत लॅबमध्ये, नाही जमलं तर फ्रिजमध्ये. एवढं न पाळल्यामुळे रिपोर्टात दोन-तीन प्रकारचे जंतू मिसळून येतात. ते बहुधा कातडीवरचे असतात आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

'एस' म्हणजे औषध लागू, 'आर' म्हणजे नाही. दहा 'आर' आणि दोन 'एस' दिसले की धीर सुटतो. पण मंडईत दहा भाज्या नसल्या आणि एक मिळाली तरी जेवण होतंच. साध्या गोळीपुढे 'एस' असेल तर भारी इंजेक्शनापुढचा 'एस' आणखी चांगला, असंही नसतं. ते इंजेक्शन राखून ठेवायचं असतं.

आता एक अवघड प्रश्न. काहीही त्रास नाही, पण रिपोर्टात जंतू आहेत. औषध घ्यायचं? बहुतेक वेळा नाही. म्हाताऱ्या माणसांच्या लघवीत जंतू नुसते वस्तीला असणं फार नेहमीचं आहे. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, महिनाभर राहिली तर जवळपास प्रत्येकाच्याच लघवीत जंतू वाढतात. त्यांना मारायला गेलं की ते जातात आणि त्यांच्या जागी चिवट येतात. गरोदरपण आणि लघवीच्या मार्गाची काही ऑपरेशनं, हे यातले ठळक अपवाद. घरच्यांना हे पटवणं डॉक्टरांना जड जातं, कारण रिपोर्टावर लाल अक्षरात काहीतरी छापलेलं असतं आणि "जंतू आहेत तरी औषध देत नाहीत" हे वाक्य नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरायला वेळ लागत नाही.

याच्या अगदी उलट कोडं म्हणजे पस सेल्स, म्हणजे लघवीतल्या पुवाच्या पेशी, भरपूर, पण कल्चरमध्ये काहीच वाढत नाही. आपल्या देशात अशा वेळी लघवीच्या मार्गाचा टीबी मनात आणावा लागतो, कारण त्याचे जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये उगवत नाहीत. अशा माणसाला ओफ्लॉक्सासिनच्या गटातली गोळी दिली की टीबी थोडा दबतो, तात्पुरतं बरं वाटतं आणि निदान महिनोन्‌महिने लांबतं. आणि जळजळ नसताना लघवीत रक्त दिसलं, विशेषतः चाळिशीनंतर, तर 'गरमीमुळे असेल' म्हणून सोडायचं नाही. पिशवीचा कर्करोग नाही ना, हे बघून घ्यायचं.

पुन्हा पुन्हा होतं, त्याचं काय?

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं तर त्याला वारंवार होणारं इन्फेक्शन म्हणतात. काही वेळा जंतू पिशवीच्या पेशींच्या आत शिरून दडतात. फवारणी झाली की ढेकूण दिसेनासे होतात आणि पंधरा दिवसांनी गादीच्या शिवणीतून परत निघतात, तसं काहीसं.

पाळी गेल्यानंतर हा त्रास वाढतो, आणि त्यावरचा सर्वांत चांगला उपाय आपल्याकडे सर्वांत कमी वापरला जातो. योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस जंतूंची वस्ती असते. ज्यांच्यामुळे दह्याला विरजण लागतं, त्यांचेच हे भाऊबंद. ते तिथे आंबटपणा राखतात आणि ई. कोलायला थारा देत नाहीत. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झालं की हे विरजण बिघडतं. १९९३ च्या एका अभ्यासात अशा ९३ स्त्रियांपैकी काहींना योनिमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं, काहींना नुसतं साधं. साध्या क्रीमच्या गटात वर्षाला सरासरी ५.९ वेळा इन्फेक्शन झालं, इस्ट्रोजेनच्या गटात ०.५ वेळा. इतका फरक औषधशास्त्रात क्वचित दिसतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी त्या डॉक्टरांशी बोलायला हवं, पण बाकीच्यांना निदान हे क्रीम असतं एवढं तरी माहीत असावं. आणि विरजण जपायचं तर डेटॉलचं पाणी किंवा सुगंधी वॉश तिथे नेऊ नये. साधं पाणी पुरतं.

क्रॅनबेरीचं काय? २०२३ मध्ये ५० अभ्यास एकत्र तपासले गेले. वारंवार त्रास होणाऱ्या बायकांत धोका साधारण एकचतुर्थांशानं कमी झालेला दिसला. म्हणजे उपयोग आहे, पण टाळण्यासाठी. झालेलं इन्फेक्शन त्यानं बरं होत नाही. करवंद म्हणजे आपली क्रॅनबेरी, असं सांगणारे भेटतात. करवंदं जरूर खा, चवीसाठी. डी-मॅनोजच्या पुड्यांमागची कल्पना फार देखणी होती: जंतूंच्या आकड्यांना पिशवीऐवजी ही साखर धरू द्यायची आणि कुसळं परस्पर धुऊन काढायची. ब्रिटनमध्ये ५९८ स्त्रियांवर ती तपासली, २०२४ मध्ये निकाल आला, आणि फारसा फरक नाही असं दिसलं. मेथेनामाइन हे जुनं औषध त्या मानानं भरवशाचं निघालं. २०२२ च्या ब्रिटिश अभ्यासात वारंवार होणारं इन्फेक्शन टाळण्यासाठी ते रोजच्या अँटिबायोटिकच्या तोडीचं ठरलं. ते अँटिबायोटिक नाही, त्यामुळे 'आर'ची रांग वाढवत नाही.

पुढून मागे पुसणं आणि संबंधानंतर लघवीला जाऊन येणं यांचे पुरावे तसे लेचेपेचे आहेत. पण त्यात तोटा नाही, पैसे लागत नाहीत, करावं.

"सार्वजनिक संडासातूनच लागतं ना हे?"

हा समज सर्वांत घट्ट आहे आणि सर्वांत महागात पडणारा आहे. जंतू आपल्याच आतड्यातले असतात, संडासाच्या भांड्यावरून उडी मारून ते वर येत नाहीत. घाण संडासानं होणारं नुकसान वेगळ्या वाटेनं होतं: तिथे जावं लागू नये म्हणून बाई पाणी पीत नाही, आणि आलेली लघवी तुंबवून ठेवते. गेलीच तर भांड्याला स्पर्श नको म्हणून अधांतरी बसते आणि पिशवी अर्धवट रिकामी करून उठते. वाहता ओढा आपण अडवला, तो असा.

मुंबईत २०११ मध्ये महिला संघटनांनी 'राइट टू पी', म्हणजे लघवीचा हक्क, ही मोहीम सुरू केली, तेव्हा तक्रार साधी होती: पुरुषांना मुतारी फुकट, बायकांना पैसे, आणि बायकांसाठी जागाही कमी. अनेकांनी नावावरून थट्टा केली. पण ऊसतोडीच्या फडावर उजाडायच्या आत आडोसा शोधणारी मजूर बाई, लांब पल्ल्याच्या एसटीवरची कंडक्टर, दिवसभर चौकात उभी असणारी ट्रॅफिक पोलीस, यांना "भरपूर पाणी प्या" हा सल्ला देऊन डॉक्टर मोकळे होऊ शकत नाहीत. आधी विचारायला हवं, तुमच्या कामाच्या जागी जायला सोय आहे का. गावोगावच्या शाळांतल्या कितीतरी बाई सकाळी पाण्याची बाटली भरून नेतात आणि संध्याकाळी जवळजवळ तशीच परत आणतात. बल्गेरियातल्या बायकांना रोज जे दीड लिटर जादा पाणी प्यायचं होतं, त्यातलं लिटरभर तिथेच, त्या बाटलीत असतं.